रिटर्न लाइन (इंधनाची)

कार्ब्युरेटरने न घेतलेले पेट्रोल टाकीत परत नेणारी नळी. अमेरिकी व्ही-८ इंजिनांच्या शर्यती व हौशी गाड्यांत ती विशेष आढळते. होलीसारख्या फोर-बॅरल कार्ब्युरेटरला दर चौ. इंचास साधारण ५ ते ७ पौंड दाब पुरतो. ताकदीचा विजेचा पंप याहून बराच जास्त दाब देतो. मग फ्लोटची निडल बैठकीवर टिकत नाही आणि इंजिन ‘फ्लड’ होते. कार्ब्युरेटरजवळचा बायपास रेग्युलेटर हा जादा दाब परतीच्या वाटेने सोडतो. पेट्रोल सतत फिरत राहिल्याने बॉनेटखालच्या उष्णतेत त्याची वाफ होऊन पुरवठा तुटण्याचा धोकाही घटतो.

खरी चूक होते ती नळीच्या मापात. इंजिन आयडलवर असताना पंपाचे जवळजवळ सगळे पेट्रोल परतीच्याच वाटेने जाते. म्हणून पुरवठ्याची नळी ३/८ इंचाची असेल, तर परतीचीही किमान तेवढीच हवी. रेग्युलेटरचा स्क्रू पूर्ण सैल करूनही गेजचा काटा ९ पौंडांवर अडून बसला, तर रेग्युलेटर बदलण्याआधी परतीची नळी तपासावी; बहुधा ती अरुंद किंवा कुठेतरी दबलेली असते.

परतीचे तोंड टाकीतल्या पिकअपपासून दूर ठेवावे, नाहीतर पंप बुडबुडे ओढतो. टाकीला व्हेंट हवाच. होज पेट्रोलसाठीच बनवलेला घ्यावा आणि तो एक्झॉस्टपासून लांबून न्यावा. इथे काटकसर केली तर गाडी पेटू शकते.