जुनं पुष्पक घ्यावं का?

विकायला निघालेलं एक जुनं पुष्पक घ्यावं का, हे ठरवताना मी आधी त्याचा इतिहास चाळला. हे दोन आसनी विमान बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलं. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. १९५८ मध्ये पुष्पकनं पहिलं उड्डाण केलं. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, ९० अश्वशक्तीचं इंजिन. देशभरच्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक यावरच शिकले.

मग ते मागे का पडलं? याचं तिसरं चाक शेपटीखाली असतं आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे. त्यामुळे उतरताना पायांचा अंदाज जरा चुकला, की शेपूट फिरून पुढे यायला बघते. नाकाखाली चाक असलेली विमानं जमिनीवर सरळ धावतात; शिकवायला तीच सोयीची ठरली.

मला चिंता आहे ती आमच्या सुदुंबऱ्याच्या पावसाची. मावळातली ओल कापडालाही सोसत नाही आणि नळ्यांनाही. विमान एकदाच विकत घ्यायचं असतं. हँगर, तपासणी आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला मात्र कायमचे मागे लागतात. म्हणून पैसे देण्याआधी मी कापड चढवणारा कारागीर आणि त्या कामावर सही करू शकणारा परवानाधारक इंजिनिअर शोधतोय. ते भेटले तर घेईन. नुसतं अंगणात उभं करायला पुष्पक नको.