आमचे माळवद



वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत प्रत्येकीने काही लिहावे, असे अध्यक्षबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ते तेथेच का थांबले, हे सांगू गेले म्हणजे एका मोठ्या घटनेचा इतिहासच सांगावा लागतो.

माझे माहेर लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तेथे धरणीकंप झाला. गणपती बोळवून लोक नुकतेच निजले होते. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालच्या गावांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली. आमचे गाव त्यांत नव्हते. आमच्या घराची एकच भिंत पडली. पण त्या भिंतीखाली माझी आजी होती. घरात पडेल ते काम करायला मी उरले, आणि शाळा सुटली ती सुटलीच.

माळवदाचे घर इकडे कित्येकींनी पाहिलेले नसेल. भिंती काळ्या दगडाच्या, चांगल्या जाड. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये खडी-माती भरलेली. आत लाकडी खांब व तुळया, वर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्यापूर्वी गळती बुजवायला वर आणखी माती टाकायची. असे ओझे वर्षानुवर्षे वाढत गेले. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर फाकले आणि माणसे दगडमातीखाली गाडली गेली. पुष्कळ घरांत लाकडी खांब मात्र तसेच उभे होते. इकडे आमच्या शेजारच्या सासूबाई कुडाच्या घरांविषयी सांगतात. कारवीच्या काड्या आणि त्यांवर शेणमातीचे लिंपण. अशी हलकी भिंत पडली तरी माणूस सहसा चिरडत नाही. मातीत मरण नव्हते, ते ओझ्यात आणि सैल बांधणीत होते.

पण हे आमच्या आप्पांना कोण सांगणार? "ज्या मातीने आई खाल्ली, ती पुन्हा डोक्यावर घेऊ?" असे ते म्हणत. साऱ्या गावाला सिमेंटचा स्लॅबच हवा होता. दोन उन्हाळे आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये काढले. त्या पत्र्याखाली दुपारी लेकरे कशी करपत, हे लिहून सांगता येणार नाही.

सरकारची योजना अशी होती, की जुनी घरे पाडू नयेत, मजबूत करावीत. माळवदावरची माती कमी करून खाली प्लास्टिकचा कागद घालायचा. भिंतीला आरपार भोक पाडून त्यात सळई व काँक्रीट भरायचे, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. कोपऱ्यांना व भिंतीच्या वरच्या अंगाला जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवायचा. पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. अधिकारी येऊन सांगत, पुरुष माना डोलावीत आणि कोणी काही करीत नसे.

मग हे काम बायकांकडे आले. स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने बाराशेहून अधिक गावांतील महिला मंडळांना यात घेतले. गावोगाव 'संवाद सहायक' नेमल्या, त्याही बायकाच. आमच्या गावची तर तोपर्यंत वेशीबाहेर एकटी गेली नव्हती. ती आईला शेजारच्या गावी दुरुस्त केलेले घर दाखवायला घेऊन गेली. आईने तेथे भाषण ऐकले नाही, घरधनिणीला एवढेच विचारले, "रात्री आत निजता का?" ती म्हणाली, "लेकरांसकट." आई परत आली आणि तिने आप्पांपाशी हट्ट धरला. आमच्या घरात बाईने हट्ट धरलेला मी तो पहिलाच पाहिला.

खरे ते लिहावे. पुष्कळांनी त्या पैशांत जुने घर तसेच ठेवून शेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधली. भीती युक्तिवादाने जात नाही, त्यांना मी दोष देत नाही. आमच्याकडेही शेवटी तडजोडच झाली. मधले दोन खण आईच्या म्हणण्याप्रमाणे मजबूत झाले, आणि अंगणात आप्पांची स्लॅबची खोली उभी राहिली.

२००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा लातूरकडच्या बायका तेथे धीर द्यायला आणि घरबांधणीचे सांगायला गेल्या होत्या. तेथे नीट बांधलेले मातीचे गोल भुंगे पुष्कळ ठिकाणी उभे राहिलेले होते. आपल्या मंडळाची सहल कधी तिकडे निघाली, तर ते पाहून घ्यावेत.

मी माहेरी जाते ती बहुधा मे महिन्यात. स्लॅबच्या खोलीत दुपारी पंख्याखालीही बसवत नाही. सगळे माळवदाखाली येतात. आप्पाही येतात, जेवतात, तेथेच घटकाभर लवंडतात. रात्र पडली की मात्र त्यांची बाज अंगणात असते, आणि आई आत निजते.