प्रबलित ॲल्युमिनियम संमिश्रांतील एज हार्डनिंग

ॲल्युमिनियमचे काही मिश्रधातू उच्च तापमानाला तापवून पाण्यात विझवले, की पुढे ते वेळेबरोबर कठीण होत जातात. या प्रक्रियेला एज हार्डनिंग म्हणतात. कारखान्यात तिला नुसते ‘एजिंग’ म्हटले जाते. अशा मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना किंवा बोरॉन कार्बाइड यांचे बारीक कण अथवा तंतू मिसळले, की प्रबलित संमिश्र तयार होते. कण भार उचलतात आणि धातू त्यांना धरून ठेवतो, असे संमिश्राचे वर्णन सहसा केले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. भार पडण्याच्या कितीतरी आधी, विझवण्याच्या काही सेकंदांतच, हे कण भोवतालच्या धातूची अंतर्रचना बदलून टाकतात. म्हणून मूळ मिश्रधातूचे एजिंगचे तक्ते संमिश्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

लोहार पोलादाच्या अवजाराला पाणी देतो तेव्हा ते तिथल्या तिथे कठीण होते. ॲल्युमिनियमच्या या मिश्रधातूंत उलट घडते : पाण्यातून निघालेला तुकडा मऊ असतो, कठीणपणा मागाहून येतो. जर्मन धातुशास्त्रज्ञ आल्फ्रेड विल्म यांच्या हे १९०६ मध्ये लक्षात आले. तांबे आणि थोडे मॅग्नेशियम घातलेला त्यांचा नमुना विझवल्यानंतर नुसता पडून राहिला होता. पुन्हा मोजला तेव्हा तो आधीपेक्षा बराच कठीण निघाला. त्यातूनच झेपेलिन वायुनौकांच्या सांगाड्यात वापरले गेलेले ड्युरॅल्युमिन जन्माला आले. कारण समजायला मात्र वेळ लागला. तापलेल्या ॲल्युमिनियममध्ये विरघळलेले तांबे थंड धातूत मावत नाही आणि अतिसूक्ष्म कणांच्या, म्हणजे अवक्षेपांच्या, रूपाने बाहेर पडते, असा विचार मेरिका, वॉल्टेनबर्ग आणि स्कॉट यांनी १९१९ मध्ये मांडला. फ्रान्समध्ये गिनिए आणि ब्रिटनमध्ये प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये स्वतंत्रपणे क्ष-किरणांच्या साहाय्याने या क्रियेची पहिली पायरी दाखवून दिली : तांब्याच्या अणूंच्या एक-दोन थर जाडीच्या चकत्या. त्यांना आज जी.पी. झोन म्हणतात. पुढे त्यांची जागा मोठे अवक्षेप घेतात, कठीणपणा शिखर गाठतो आणि अवक्षेप प्रमाणाबाहेर वाढले, की धातू पुन्हा मऊ पडू लागतो.

आता या धातूत सिलिकॉन कार्बाइडचे कण आहेत असे धरू. तापमान एक अंशाने उतरले, की ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दहा लाखांत सुमारे २३ भाग आकसते. सिलिकॉन कार्बाइड जेमतेम ४ भाग. मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेला ६०६१ हा मिश्रधातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसवरून पाण्यात जातो, म्हणजे उतार साधारण ५०० अंशांचा. दोघांच्या आकसण्यातला फरक जवळजवळ एक टक्का भरतो. आकडा लहान दिसतो, पण मऊ अवस्थेतले ॲल्युमिनियम ०.१ टक्क्याच्या आसपासच्या ताणालाच कायमचे आकार बदलू लागते. कण हटत नाही, धातूला आकसायचे असते. मग कणाला लागून असलेला धातूच सरकतो. सरकताना स्फटिकातल्या अणूंच्या रांगांत रेषारूप दोष पडतात, त्यांना डिसलोकेशन म्हणतात. हा केवळ हिशोब नाही. व्होगेलसँग, आर्सेनॉल्ट आणि फिशर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात संमिश्राचा पातळ पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच तापवून थंड केला. थंड होताना कण आणि धातू यांच्या सीमेवरून डिसलोकेशन प्रत्यक्ष निघताना त्यांनी पाहिले. पापुद्र्यातले दोष पृष्ठभागातून निसटू शकतात. भरीव तुकड्यात ती मुभा नसते, तेव्हा तिथे त्यांची दाटी अधिकच असणार.

या दाटीचे एजिंगवर दोन परिणाम होतात आणि ते परस्परविरोधी आहेत. पुढच्या टप्प्यातले काही अवक्षेप डिसलोकेशनवर सहज धरतात. त्यांना जागा जास्त मिळाल्या, की ते लवकर आणि पुष्कळ तयार होतात. उलट जी.पी. झोनसारख्या पहिल्या रचनांना विझवताना धातूत अडकलेल्या रिक्त अणुस्थानांची गरज असते, कारण त्यांच्याच आधाराने अणू जागा बदलतात. डिसलोकेशन ही रिक्त स्थाने गिळून टाकतात. म्हणून संमिश्रात पहिला टप्पा मंदावतो आणि पुढचा वेग घेतो. पपाझियन यांनी १९८८ मध्ये उष्णतामापनाने हेच दाखवले : अवक्षेपांचा क्रम तोच राहिला, वेग बदलला आणि जी.पी. झोनचे प्रमाण घटले. त्याच वर्षी ख्रिसमन आणि सुब्रा सुरेश यांनी सिलिकॉन कार्बाइडचे तंतू घातलेल्या २१२४ क्रमांकाच्या मिश्रधातूत शिखर लवकर येते असे नोंदवले. मला सर्वांत पटणारा पुरावा मात्र संमिश्राच्या बाहेरचा आहे. ॲल्युमिनियम-तांबे-मॅग्नेशियमचा साधा, कण नसलेला पत्रा विझवल्यावर थोडा ताणून मग एजिंगला ठेवला, तर तोही लवकर कठीण होतो. टी-८ नावाची प्रक्रिया याच गुणावर उभी आहे. तिथे यंत्राने ताणून जे साधते, ते संमिश्रात कण आपोआप घडवतात.

यावर पहिला आक्षेप मोजमापाचा आहे. कठीण कण मिसळल्यावर कठीणपणा वाढणारच, त्यात एजिंगचा संबंध काय? ही शंका रास्त आहे आणि नुसत्या मोठ्या ठशाच्या कठीणता चाचणीवर विसंबलेल्या निष्कर्षांना ती लागूही पडते. पण कणांचा वाटा पूर्ण वेळ जवळपास सारखाच राहतो. शिखराची वेळ पुढे-मागे करणे त्याला शक्य नाही. शिवाय कणांच्या मधल्या धातूवर लहान ठसा उमटवून किंवा उष्णतामापनाने पाहिले, तरी बदल दिसतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : सगळ्याच संमिश्रांत एजिंग वेगाने होत नाही. हे मान्यच करायला हवे, आणि ‘कणांनी एजिंगला वेग येतो’ असे जे सरसकट लिहिले जाते ते सोडून द्यायला हवे. जस्त आणि मॅग्नेशियमच्या ७००० मालिकेतल्या मिश्रधातूंत डिसलोकेशनवर जाडेभरडे अवक्षेप बसतात. ते ताकदीच्या कामाचे नसतात आणि बारीक अवक्षेपांचा वाटा खातात. या धातूचा साधा पत्राही एजिंगआधी ताणला तर फायद्याऐवजी थोडा तोटाच होतो. म्हणजे हा अपवाद मूळ विचाराला छेद देत नाही. डिसलोकेशनवर काय उगवते आणि ते उपयोगाचे आहे का, यावर निकाल ठरतो. पहिला टप्पा मंदावतो म्हणून खोलीच्या तापमानाचे एजिंग संमिश्रात निकामी होते, असा अर्थही काढू नये. ईसी-१२० हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या स्लीव्हसाठी १५ टक्के सिलिकॉन कार्बाइड घातलेला २००९ क्रमांकाचा मिश्रधातू टी-४ म्हणजे नैसर्गिक एजिंगच्या अवस्थेतच वापरला गेला. जी.पी. झोन घटतात, नाहीसे होत नाहीत.

रसायनाचा भाग स्वतंत्रपणे पाहावा लागतो, कारण तिथे डिसलोकेशनचा हिशोब कामाला येत नाही. ६०६१ मध्ये ॲल्युमिना मिसळून धातू वितळलेल्या अवस्थेत फार वेळ राहिला, तर मॅग्नेशियम ॲल्युमिनाशी संयोग पावून सीमेवर स्पिनेल नावाचे संयुग बनवते. कठीणपणा देणारे अवक्षेप याच मॅग्नेशियमचे आणि सिलिकॉनचे असतात. कच्चा माल कणांनीच शोषल्यावर भट्टीत कितीही तास ठेवले तरी शिखर खुजेच राहते. सिलिकॉन कार्बाइडची अडचण निराळी : वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये त्यापासून ठिसूळ आणि ओलाव्याने बिघडणारे ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होऊ शकते. म्हणून ओतकामात सुमारे ९ टक्के सिलिकॉन असलेला धातू घेतात. दोन संमिश्रांत कणांचे प्रमाण आणि आकार सारखा असूनही एजिंगचे आलेख वेगळे येतात, त्याचे कारण पुष्कळदा या सीमेवरच सापडते.

तुलनेसाठी कोणता नमुना घेतला हेही तपासले पाहिजे. भुकटीपासून बनवलेल्या संमिश्रात भुकटीच्या दाण्यांवरची ऑक्साइडची साय तुटून धातूत विखुरते आणि स्फटिककणही बारीक राहतात. अशा संमिश्राची तुलना ओतून लाटलेल्या साध्या पत्र्याशी केली, तर फरकातला किती भाग सिलिकॉन कार्बाइडचा आणि किती भुकटीच्या वाटेचा, हे वेगळे काढता येत नाही. त्याच भुकटीतून, त्याच दाबाखाली, पण कण न घालता केलेला तुकडा शेजारी ठेवून दोघांना एकाच भट्टीत एजिंग दिले असेल, तरच शिखराच्या वेळेतला फरक कणांच्या नावे लिहिता येतो.