चुना, चांदीचा कागद आणि उजेड

दिवाळी तोंडावर आली, की आमच्या घरी सणाची पहिली वर्दी येई ती फराळाच्या वासाने नव्हे, तर चुन्याच्या वासाने. अंगणात मोठ्या पिंपात कळीचा चुना पडे, त्यावर पाणी ओतले की तो सुंसूं करीत उकळू लागे आणि आम्ही मुले भीतभीत लांबून ती वाफ पाहत राहू. दुसरे दिवशी तो गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि नीळ पडे. मग आई पदर खोचून हातात कुंचला घेई. संध्याकाळी माजघरात दिवा लागला, की वर्षभर कोंदट वाटणारी ती खोली एकाएकी दुप्पट मोठी वाटे. दिवा तोच, वात तीच. उजेड मात्र वाढलेला! हा वाढलेला उजेड आला कोठून, असे त्या वेळी मी कोणाला विचारले नाही. विचारण्याचा प्रसंग आला तो चाळिशी ओलांडल्यावर, आणि तोही माझ्या भाच्याच्या एका खोलीमुळे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारी अक्का म्हणतो, ती विट्याजवळ दिलेली. सांगली जिल्ह्याच्या या खानापूर-आटपाडी भागात पाऊस बेभरवशाचा. म्हणून येथील माणसे पिढ्यान्‌पिढ्या सोनेचांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या, धंद्यासाठी साऱ्या हिंदुस्थानभर पांगली. आमचे दाजीही त्यांपैकीच. तीस वर्षे त्यांनी दक्षिणेत मुशीपुढे बसून चांदी गाळली आणि घरी येताना थोडी पुंजी व छातीत कायमचा खोकला घेऊन आले. तेजाबाच्या वाफेत ज्यांचा जन्म जातो त्यांना हा खोकला नवा नाही. मुलाने त्या मुशीपुढे बसू नये एवढीच त्यांची इच्छा होती. पण त्याने करावे काय, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते.

भाच्याने स्वतःच वाट काढली. परड्यातील बारा फूट लांब, दहा फूट रुंद अशी खोली झाडून त्याने तीत विजेच्या दिव्यांखाली भाजीपाल्याची रोपे वाढवण्याचा घाट घातला. मांडण्या आल्या, ताटे आली, दिवे आले. त्यासाठी अक्काच्या पाटल्या सोसायटीत गहाण पडल्या, हे मला नंतर कळले. पहिली पेरणी उगवली ती अशी, की दिव्याखालची रोपे ठेंगणी आणि गुटगुटीत, अन् भिंतीकडची पांढुरकी, लांबट, मान वाकवून दिव्याकडे पाहणारी. अशी रोपे कोण विकत घेणार? "मामा, उजेड भिंतीत जिरतोय," तो म्हणाला. त्या खोलीच्या भिंती मातीच्या रंगाच्या होत्या. कोणीतरी सांगितले, की भिंतींना चांदीसारखा चकचकीत कागद लाव. त्याने तो मागवला, आणि येथून या लेखाचा विषय सुरू झाला.

भिंतीने उजेड परत करावा आणि झाडाने तो घ्यावा, ही कल्पना विजेच्या दिव्याहून फार जुनी आहे. पॅरिसजवळ माँत्रइ नावाचे गाव आहे. तेथील बागवान सतराव्या शतकापासून जिप्समने लिंपलेल्या उंच पांढऱ्या भिंती बांधून त्यांना टेकवून पीचची झाडे वाढवीत. त्या थंड मुलुखात एरवी जे फळ नीट पिकले नसते, ते या भिंतींच्या आश्रयाने पिके. कारण भिंत दिवसा ऊन झाडावर परतवी आणि रात्री साठवलेली ऊब देई. १६९९ साली फातिओ नावाच्या स्विस गणितज्ञाने तर फळझाडांच्या भिंतींवर एक संबंध ग्रंथ लिहिला. भिंत उभी न बांधता उताराने बांधली तर तीवर ऊन अधिक पडेल, असे त्याने भूमितीने सिद्ध केले. हा न्यूटनचा स्नेही! ग्रहगोलांचा विचार करणाऱ्याने बागेच्या भिंतीकडे वळावे यात कमीपणा नव्हता. सूर्य दोन्हीकडे तोच होता.

झाडाला उजेड लागतो तो नेमका कशासाठी, हे मात्र तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. ते १७७९ साली यान इंगेनहाउस या डच वैद्याने दाखवून दिले. पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून बुडबुडे निघतात ते उन्हात. अंधारात ते थांबतात. म्हणजे हवा शुद्ध करण्याचे झाडाचे काम नुसत्या उबेने होत नाही, त्याला प्रकाशच हवा. पुढे शंभर वर्षांनी, १८८० साली, इंग्लंडात स्थायिक झालेल्या विल्यम सीमेन्स याने आपल्या बागेत विजेचा दिवा टांगून रात्रीही झाडे वाढतात असे प्रयोग करून दाखवले. आज भाच्याच्या खोलीत जे चालले आहे त्याचा मूळपुरुष हा सीमेन्स.

आपल्याकडे उजेड परतवण्याची विद्या रोपांसाठी नव्हे, पण माणसांसाठी होतीच. पूर्वी भिंतीवर अडकवायचा जो दिवा मिळे, त्याच्या पाठीशी चकचकीत पत्र्याची तबकडी असे. भिंतीकडे वाया जाणारा उजेड ती खोलीत लोटी. आमच्या सातारा जिल्ह्यात तर दिव्यांचे एक गावच वसले. १९१६ साली ओगले बंधूंनी कराडजवळ काचेचा कारखाना काढला. हा भाग तेव्हा औंध संस्थानचा. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तेथला प्रभाकर कंदील घरोघर गेला. प्रभाकर हे ओगले बंधूंच्या वडिलांचे नाव, आणि प्रभाकर म्हणजे सूर्यही! कारखाना पुढे बंद पडला. पण त्या कंदिलाखाली अक्षरे गिरवलेली माणसे अजून आमच्या भागात भेटतात.

औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. पण सूर्यापासून काही गोष्टी दूर ठेवाव्या लागतात, हेही त्यांना माहीत होते. १९३८ साली त्यांनी यमाईच्या डोंगरावर आपल्या चित्रसंग्रहासाठी इमारत उभी केली, तीत उजेड वरून घेण्याची योजना आहे. चित्र स्पष्ट दिसते, पण त्याच्यावर थेट ऊन पडत नाही. शाळेची सहल घेऊन मी तेथे अनेकदा गेलो आहे. मुले रविवर्म्याच्या सैरंध्रीपुढे उभी राहतात आणि मी छताकडे पाहत राहतो. उजेड अंगावर न येता पोहोचावा, ही मोठी अवघड कला आहे. आम्हा शिक्षकांना तर ती जन्मभर साधत नाही.

आता त्या चांदीच्या कागदाकडे वळू. भाच्याने गुंडाळी उलगडली तेव्हा दाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी कागदाचा कोपरा अंगठ्याने चोळला, उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "ह्यात गुंजभर बी चांदी न्हाय." ज्याने तीस वर्षे चांदी पारखली त्याचा तो निवाडा होता, आणि तो अगदी खरा होता. तो कागदही नव्हता. ते होते प्लास्टिक, आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा.

या ॲल्युमिनियमची कथा तरी काय सांगावी! एके काळी ही धातू इतकी महाग होती, की फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन ती मानाची वस्तू म्हणून मिरवी. १८८६ साली अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोघा तरुणांनी एकमेकांना न कळता, विजेच्या साहाय्याने ती स्वस्तात काढण्याची युक्ती शोधली आणि बघता बघता राजाच्या ताटातील धातू गरिबाच्या पातेल्यात आली. चांदी तिच्याहून अधिक उजेड परतवते; पण चांदी काळी पडते, आणि हिचा चकचकीतपणा बराच टिकतो. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड व डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा शोध लावला. पुढे त्याचे पातळ पापुद्रे निघू लागले. निर्वात पेटीत ॲल्युमिनियम तापवून त्याची वाफ या पापुद्र्यावर बसवली, की आरसा तयार. आणि तो घडी घालून खिशात मावेल असा! १२ ऑगस्ट १९६० रोजी अमेरिकेने याच पापुद्र्याचा सुमारे तीस मीटर व्यासाचा 'एको' नावाचा फुगा आकाशात सोडला. पृथ्वीवरून पाठवलेले रेडिओचे संदेश त्याच्यावर आपटून परत येत, आणि रात्री तो नुसत्या डोळ्यांनी ताऱ्यासारखा दिसे.

आकाशातली ही चकाकी आज आमच्या रानात उतरली आहे. महाबळेश्वर-पाचगणीकडे गेलात तर स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला दिसेल. पूर्वी हे काम गवताच्या आच्छादनावर भागे. आताच्या कागदाचा एक प्रकार वरून चंदेरी, खालून काळा असा असतो. काळी बाजू तण मारते. चंदेरी बाजू पानांच्या खालच्या अंगाला उजेड देते, आणि खालून आलेल्या त्या लखलखाटाने मावा, फुलकिडे यांसारख्या किडी गोंधळतात, त्यांना उतरण्याची जागा उमगत नाही. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. गंमत अशी, की आमच्या दुसऱ्या जिल्ह्याचे, सांगलीचे, नाव झाले ते उजेड अडवून! तासगावकडे बेदाण्याची शेडे पाहा. द्राक्षांचे घड जाळ्यांवर थरांनी पसरतात आणि वरून, बाजूंनी सावलीचे कापड लावतात. थेट ऊन लागले तर हिरवा बेदाणा तपकिरी पडतो. त्या बेदाण्यालाही २०१६ साली असेच मानांकन मिळाले. एका जिल्ह्यात फळासाठी उजेड वाढवतात, शेजारच्यात फळासाठी तो अडवतात.

भाच्याच्या खोलीत मात्र त्या कागदाने तूर्त दगाच दिला. भिंत ओबडधोबड, त्यामुळे कागदाला सुरकुत्या पडल्या. आणि सुरकुतलेला आरसा उजेड सारखा वाटत नाही, कोठे गोळा करतो, कोठे वगळतो. खोलीतील दमट हवेचे पाणी कागदामागे साचले आणि महिन्याभरात तेथे काळी बुरशी धरली. तिसरी पेरणी मुळाशी कुजून गेली. त्या रात्री भाचा जेवला नाही. दाजी खोकत म्हणाले, "कोइमतुरला फोन लावतो उद्या. दुकानात एक जागा हाय." अक्का काहीच बोलली नाही. तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहण्याचा धीर मला झाला नाही.

सकाळी तिने परड्यात चुना भिजत घातला. दिवाळीला आठ दिवस होते. "आरं, सणाला भित्ती पांढऱ्या करतो ते काय येड्यावाणी? कागुद काढ त्यो," ती मुलाला म्हणाली.

ती चुकत नव्हती. नव्या चुन्याची भिंत अंगावर पडलेल्या शंभरातला ऐंशीहून अधिक उजेड परत करते. चांगला चंदेरी पापुद्रा नव्वदीच्या आसपास जातो. अंतर एवढेच. शिवाय आरसा उजेड एकाच दिशेने फेकतो, तर पांढरी भिंत तो चहूकडे उधळते, म्हणून कोपऱ्यातले रोपही वंचित राहत नाही. भिंतीला लागलेला चुना हवेतील कर्बवायू घेऊन पुन्हा दगड बनतो, आणि ओला असतो तोवर त्याच्या तिखटपणापुढे बुरशी तग धरत नाही.

अक्काने सवयीने नीळ पिंपात टाकायला घेतली, तेव्हा मात्र मी तिचा हात धरला. माझ्या शाळामास्तरकीचा त्या घरात झालेला हा एकमेव उपयोग. निळीने भिंत अधिक पांढरी होते हा आपल्या डोळ्यांचा भास आहे. चुन्यात किंचित पिवळी झाक असते. नीळ त्या पिवळ्या-तांबड्या प्रकाशाचा वाटा गिळते, म्हणून भिंत शुभ्र भासते. वास्तविक परतणारा उजेड घटलेला असतो. माणसाला तो भास पुरतो, पण रोपाला तांबडा प्रकाश खरोखरच हवा असतो. ते भासावर वाढत नाही. "म्हंजी आमी जल्मभर उजेड कमीच करत आलो?" अक्काने विचारले. "नाही अक्का, आम्हांला तो पुरला," मी म्हणालो.

चुन्याचे दोन हात झाले. भाच्याने चंदेरी कागदाचे न फाटलेले तुकडे गुळगुळीत पुठ्ठ्यांवर ताणून चिकटवले आणि ते भिंतीपासून चार बोटे सुटे, मांडण्यांच्या टोकांशी उभे केले, म्हणजे मागे हवा खेळावी. त्याच्याजवळ उजेड मोजण्याचे साधन होते. दिव्याखालच्या उजेडाला शंभर धरले तर पूर्वी कोपऱ्यात चाळीसही भरत नसत. आता सत्तरीला आले. दिवे एकही वाढला नव्हता.

भाऊबीजेला मी गेलो तेव्हा ताटांत मिरचीची रोपे दोन पानांवर होती. कोपऱ्यातलीही सरळ उभी होती. पाटल्या अजून सोसायटीतच आहेत, आणि एका पिकाने त्या सुटतील असे कोणी समजू नये. पण कोइमतूरला फोन गेला नाही. दाजी दाराशी स्टूल टाकून बसले होते. आयुष्यभर मुशीतला लखलखाट पाहिलेल्या त्या माणसाने पांढऱ्या भिंतीकडे बोट दाखवले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, ही चांदी बरी. हिचा धूर न्हाय."