टाच, मुसळ आणि दंडावरची बोटं

खांदा निखळलेला माणूस लांबूनच ओळखू येतो. दुसऱ्या हाताने दुखरा हात सांभाळून धरलेला, अंग त्या बाजूला कललेलं, आणि कोणी जवळ आलं की "हात नका लावू!" शरीरातल्या मोठ्या सांध्यांपैकी सर्वांत जास्त वेळा निखळतो तो हाच. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याला बसायला मिळालेली खोबण उथळ, बशीत लिंबू ठेवावं तशी. गोळा बहुतेक वेळा पुढे आणि खाली सरकतो. मग भोवतालचे स्नायू आखडतात आणि त्याला तिथेच आवळून धरतात. खांदा बसवायचा म्हणजे झगडा हाडाशी नसून या स्नायूंशी असतो. हे वैद्यकाच्या अंगवळणी पडायला फार काळ जावा लागला.

इजिप्तमध्ये दैर अल-मदीना इथे इपुय नावाच्या शिल्पकाराची कबर आहे, दुसऱ्या रामसेसच्या काळातली. तिच्या भिंतीवर बांधकामाचं चित्र आहे. त्यात एकाच्या पायावर हातोडा पडतोय, एकाच्या डोळ्यावर उपचार चाललाय, आणि एकाचा हात धरून दुसरा काहीतरी करतोय. हे कोखर या एकोणिसाव्या शतकातल्या शल्यविशारदाच्या पद्धतीने (तिच्याविषयी पुढे येईलच) खांदा बसवणंच आहे, असा दावा 1968 मध्ये एका ब्रिटिश अस्थिशल्य नियतकालिकात केला गेला. मला तो अर्धाच पटतो. या युक्तीचं मर्म हालचालींच्या क्रमात आहे, आणि भिंतीवरचा हात हलत नाही.

ग्रीकांकडे मात्र लेखी पुरावा आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात रुग्णाला उताणा निजवून, वैद्याने त्याच्या काखेत टाच रोवून हात ओढायचा, असं सांगितलंय. शिडीच्या पायरीवरून हात टाकण्याचाही प्रकार त्यात आहे. ज्यांचा खांदा वारंवार निखळतो, ते दुसऱ्या हाताची मूठ काखेत घालून स्वतःच तो बसवतात, ही नोंद वाचली की लिहिणाऱ्याने असे रुग्ण डोळ्यांनी पाहिले होते, याची खात्री पटते.

सुश्रुतसंहितेत टाचेच्या जागी मुसळ येतं. खांद्याचा सांधा सुटला की मुसळाने काख वर उचलायची आणि हाड जागेवर आलं की 'स्वस्तिक' बंध बांधायचा. टाच काय नि मुसळ काय, काखेला टेकू देऊन गोळा वर ढकलायचा, हे तत्त्व दोन्हीकडे एकच.

पुढे जोर वाढत गेला. भूल येण्याआधीच्या काळात युरोपात कप्प्या आणि दोर लावून हात ओढत. स्नायू ढिले पडावेत म्हणून अ‍ॅस्टली कूपरसारखे नामांकित शल्यविशारद रक्त काढत, गरम पाण्यात बसवत, मळमळ आणणारं औषध देत. 1846 मध्ये ईथर आलं आणि या छळाची गरजच उरली नाही.

बर्नच्या थिओडोर कोखरने 1870 मध्ये आपली पद्धत मांडली. (नोबेल त्याला 1909 मध्ये मिळालं, पण ते थायरॉइडवरच्या कामासाठी.) कोपर वाकवून अंगाशी धरायचं, हात हळूहळू बाहेर फिरवायचा, अडला की कोपर पुढून वर न्यायचं, शेवटी हात आत वळवायचा. मूळ वर्णनात ओढणं नव्हतंच. ते नंतरच्यांनी त्यात घुसडलं, आणि जोर लावल्याने हाडं मोडली तेव्हा बोल मात्र कोखरला लागला.

न्यूयॉर्कच्या लुइस स्टिमसनने 1900 मध्ये त्याहून सोपी वाट काढली. रुग्णाला पालथा निजवायचा, लोंबत्या हाताला साधारण साडेचार किलो वजन बांधायचं आणि थांबायचं. स्नायू दमतात, सांधा बसतो. ऑस्ट्रेलियाच्या नील कनिंगहॅमने 2003 मध्ये वजनही काढून टाकलं. रुग्ण ताठ बसतो, दुखऱ्या बाजूचा हात समोर बसलेल्या डॉक्टरच्या खांद्यावर ठेवतो, डॉक्टर त्याच्या खांद्याचे आणि दंडाचे स्नायू बोटांनी चोळतो. रुग्णाने खांदे मागे घ्यायचे. गोळा कित्येकदा आवाजही न करता आत जातो. म्हणून खांद्याची गोलाई परत आली का ते बघतात, दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्पर्श कळतो का ते विचारतात आणि पुन्हा एक्स-रे काढतात.

मात्र कनिंगहॅमच्या पद्धतीसाठी रुग्णाने अंग सैल सोडायला हवं. वेदनेने कळवळणाऱ्याला किंवा दारूच्या नशेत आलेल्याला ते जमेलच असं नाही. मग शिरेतून गुंगीचं औषध दिलं जातं, काखेखालून छातीभोवती चादर घेतात, एक जण ती धरतो आणि दुसरा हात ओढतो.