आग्र्याचा डच किल्लेदार

कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनातून आग्र्याला निघालेली मराठी मंडळी ताजमहाल पाहून परततात. तिथल्याच रोमन कॅथलिक दफनभूमीत लाल दगडाचा एक छोटा ताज आहे: शिंद्यांचे डच किल्लेदार कर्नल जॉन हेसिंग यांची कबर. पत्नी ॲन आणि मुलांनी कोरवून घेतलेला लेख हेच घराण्याचे दप्तर. मूळ गाव उत्रेख्त; १७५२ साली डच कंपनीच्या फौजेतून सिलोन; १७८४ पासून महादजींची चाकरी; मृत्यू २१ जुलै १८०३, वय ६३ वर्षे, ११ महिने, ५ दिवस. हिशेब केला तर सिलोनला उतरलेला शिपाई बारा-तेरा वर्षांचा ठरतो! एकतर पोरगाच जहाजावर चढला, नाहीतर घरच्या आठवणीत साल सरकले. तीनच महिन्यांत आग्रा इंग्रजांनी घेतले. दगडावर मात्र धनी दौलतराव शिंदेच राहिले.