वयाची अट : एका दुर्लक्षित भेदाचा इतिहास

जात, लिंग आणि वर्ग या भेदांची चिकित्सा मराठी समीक्षेने गेल्या अर्धशतकात मनापासून केली. वयाच्या भेदाकडे मात्र तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. नोकरीच्या जाहिरातीतील 'वयोमर्यादा' हा शब्द आपण निसर्गनियम असल्यासारखा वाचून पुढे जातो. वास्तविक ही मर्यादा माणसांनी, विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूने घातलेली असते. धाराशिव जिल्ह्यातून पाहिले असता तिचे स्वरूप अधिक उघडे दिसते, असे आम्हांला वाटते.

या इतिहासाच्या आरंभीच एक मराठी नाव भेटते. १८६९ साली लंडनमध्ये आय. सी. एस. परीक्षेत निवडल्या गेलेल्या मुंबईच्या श्रीपाद बाबाजी ठाकूर आणि बंगालच्या सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांची नावे वयाच्या संशयावरून यादीतून वगळण्यात आली. मॅट्रिकच्या वेळी नोंदवलेले वय आणि लंडनमध्ये सांगितलेले वय जुळत नव्हते. खुलासा साधा होता : पहिले वय देशी रीतीने मोजलेले होते. 'सोळावे लागले' आणि 'सोळा पूर्ण झाली' यांतील अंतर मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परीक्षा घेणाऱ्यांना मात्र ते उमगले नाही. बॅनर्जींनी न्यायालयात दाद मागितली आणि अखेर दोघांचीही निवड ग्राह्य धरली गेली. पुढे १८७८ पासून या परीक्षेची कमाल वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्यात आली. इतक्या कोवळ्या वयात समुद्र ओलांडून परक्या भाषेत स्पर्धा करणे हिंदी विद्यार्थ्यांना जवळजवळ अशक्य होते. कोणाचेही नाव न घेता एका समाजाला दाराबाहेर ठेवण्याचे काम केवळ एका आकड्याने केले.

आकडा नेमका वाटतो. पण तो ज्यावर उभा असतो ती जन्मतारीख तरी नेमकी असते काय? धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. खेड्यापाड्यांत जन्म लक्षात राहत तो दुष्काळाच्या, पटकीच्या किंवा एखाद्या मोठ्या पावसाच्या खुणेने. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने तारीख टाकीत, आणि ती बहुधा १ जून असे. ३१ मे रोजी आपल्या शाळा-कचेऱ्यांत निरोपसमारंभांची जी दाटी होते, तिचे मूळ या अंदाजात आहे. गुरुजींच्या लेखणीने कोणाची सेवा दोन वर्षांनी वाढली, तर कोणाची अर्ज करण्याची संधीच हुकली.

स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान व निवास या कारणांवरून सरकारी नोकरीत भेद करण्यास मनाई केली. या यादीत वय नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये खुल्या गटासाठीची कमाल मर्यादा ३३ वरून ३८ वर, तर मागास गटांसाठीची ४३ वर नेली. अमेरिकेच्या १९६७ च्या कायद्याशी ही तुलना उद्बोधक ठरते. तेथे चाळिशीपासून कायद्याचे संरक्षण सुरू होते. आपल्याकडे खुल्या गटातील उमेदवारासाठी चाळिशीच्या आतच दार बंद होते.

मात्र याच राज्याने एका कामाला वयाची वरची अट कधीच घातली नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात गावोगाव पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणारा प्रौढ असावा, एवढेच पुरेसे होते. खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला साठीची बाईही हजेरीपटावर नाव घालू शकत होती. या उदारतेचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तरीही तेथे मजुरी मापावर ठरे, आणि वय त्या मापातून मागच्या दाराने आत येई. कळंब, भूम, वाशी या भागांतून ऊसतोडीला जाणाऱ्यांचेही तसेच. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती पुढच्या हंगामात किती तोड होईल याच्या हिशेबाने. कागदावर वयाची अट नाही, पण थकलेल्या शरीराची किंमत आपोआप उतरते.

दगड फोडायला वय आड येत नाही, खुर्चीवर बसायला येते, हा विरोधाभास केवळ गमतीचा नाही. श्रावणबाळ योजनेचे निवृत्तिवेतन पासष्टीला मिळते. अडतिसाव्या वर्षी ज्याच्यापुढे कचेरीचे दार बंद झाले, त्याने मधली सत्तावीस वर्षे कशावर काढायची, याचे उत्तर या दोन्ही नियमांत नाही.

तरुणांना जागा मिळावी म्हणून मर्यादा हवी, हा युक्तिवाद आम्ही जाणतो. बेकार तरुणांच्या जिल्ह्यात तो हलकाही नाही. परंतु जागा मोकळ्या होतात त्या निवृत्तीच्या नियमाने; प्रवेशाच्या अटीने फक्त रांग लहान होते. शिवाय भरती लांबते तेव्हा वर्षे खर्च होतात ती उमेदवाराची. कोरोनाकाळात परीक्षा रखडल्यावर २०२३ मध्ये शासनाने दोन वर्षांची तात्पुरती सवलत दिली. वय वाढले हा उमेदवाराचा दोष नव्हता, याची ती एका अर्थी कबुलीच होती.

याच जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. संतमेळ्यात कोणाचे मडके कच्चे हे पारखण्यासाठी त्यांनी थापटणे हाती घेतले, अशी आख्यायिका आहे. मेळ्यातील सर्वांत वडील माणसाकडे पारख सोपवावी, हे त्या काळाला स्वाभाविक वाटले. आणि काकांनीही कोणाचे वय विचारले नाही, एकेक डोके थापटून पाहिले. पारख करायची तर प्रत्येक मडके हातात घ्यावे लागते. ते कष्ट टाळायचे असतील, तर मडके कोणत्या साली घडले एवढेच विचारून भागते.